ग्राहक कंपनीने ‘सर्वसमावेशकतेचे धोरण’ मागितले आहे. सुरुवात नेमकी कोठून करावी?

शिरोलीवाली

नमस्कार. कोल्हापूरजवळच्या शिरोली एमआयडीसीतील (औद्योगिक वसाहतीतील) एका मशीन शॉपमध्ये मी गेली नऊ वर्षे आस्थापना आणि भरती ही दोन्ही कामे पाहते. फौंड्रीतून आलेले कास्टिंग (धातूचे ओतीव भाग) मशिनिंग करून आम्ही वाहन उद्योगाला पुरवतो आणि आमच्या पटावर ८४ माणसे आहेत. यंदाच्या वार्षिक ऑडिटमध्ये ग्राहक कंपनीच्या प्रश्नपत्रकात एक नवे पान होते. आपले विविधता व समावेशकतेचे धोरण आहे का, महिलांचे प्रमाण किती, दिव्यांग कर्मचारी किती, भेदभावाची तक्रार कोणाकडे करायची, असे त्यावर प्रश्न होते. ते पान आम्ही कोरे सोडले, त्यावर शेरा बसला आणि पूर्ततेसाठी तीन महिन्यांची मुदत मिळाली.

एका सल्लागाराने लगेच चौदा पानी तयार मसुदा पाठवला. त्यात आमचे नाव घालून सही करायची एवढेच काम होते. मात्र दोन ठिकाणी आधीच्या कंपनीचे नाव तसेच राहिले होते आणि एका परिच्छेदात आमच्या ‘सुसज्ज पाळणाघराचे’ वर्णन होते. आमच्याकडे सायकली ठेवायलाही धड शेड नाही, त्यामुळे तो परिच्छेद ऑफिसात सगळ्यांनी मोठ्याने वाचला आणि हसून झाले.

मालकांचे म्हणणे असे की, “आपल्याकडं जातपात कोण बघतंय? हाताला काम येतंय का, एवढंच बघतो.” ते खोटे बोलत नाहीत, हे मी नऊ वर्षांच्या अनुभवाने सांगते. तरीही एका दुपारी हजेरीपट घेऊन बसले आणि मोजले, तेव्हा शॉपवरच्या ७१ जणांपैकी ४९ जण हातकणंगले आणि करवीर तालुक्यांतील चार गावांचे निघाले, आणि त्यातले निम्म्याहून अधिक आमच्या दोन सुपरवायझरांच्या भावकीतले किंवा पैपाहुण्यांतले. महिला सहा आहेत: दोन ऑफिसात, तीन फायनल इन्स्पेक्शनला, एक झाडलोटीला. सीएनसीवर (संगणकाने चालणाऱ्या मशीनवर) एकही नाही आणि नऊ वर्षांत एकाही मुलीचा अर्ज आलेला नाही. पण आम्ही जाहिरात तरी कधी दिली होती? दिव्यांग कर्मचारी कोणी नाही. दोन वर्षांपूर्वी आयटीआयमधून एक कर्णबधिर मुलगा शिकाऊ म्हणून आला होता. तो चौथ्या महिन्यात यायचा थांबला आणि का थांबला, हे आमच्यापैकी कोणी विचारले नाही.

कायद्याने आम्हांला नेमके काय बंधनकारक आहे, आणि कागद बाजूला ठेवला तर पहिले काम कोणते हाती घ्यावे, याबद्दल अनुभवी मंडळींनी लिहावे, ही विनंती.

जुना टर्नर

ताई, हजेरीपट मोजलात हे उत्तम केलेत. उद्यमनगरात माझे छोटे वर्कशॉप होते आणि एकतीस वर्षांनी ते मी पुतण्याच्या हाती दिले. आपण वर्णन केलेली भरती मी आयुष्यभर केली आहे, म्हणून ती का होते हे आधी सांगतो. नवा मुलगा घेताना मालकाला भीती असते ती कौशल्याची नव्हे, तर तो टिकेल का, टूल चोरून विकेल का, गणपतीला गावी गेला की दसऱ्यापर्यंत परतेल का, याची. फोरमनने आपला भाचा आणला की या सगळ्याची हमी फोरमन घेतो. ही एक प्रकारची जामीनकी आहे आणि ती फुकट मिळते, म्हणून कोणताही मालक ती सहजी सोडत नाही. तोटा एवढाच की, ज्याचा मामा फोरमन नाही त्याला गेटवर येण्याचीसुद्धा संधी नसते. त्याला कोणी नाकारलेले नसते, कारण तो कोणाच्या ध्यानातच आलेला नसतो.

मी एक बदल फार उशिरा केला, पण तो उपयोगी पडला. शिफारस बंद केली नाही. शिफारस आलेला आणि नुसता चौकशीला आलेला, दोघांनाही एकाच टेबलावर बसवू लागलो. एक ड्रॉइंग, एक तयार जॉब (मशीनवर बनवलेला भाग), एक व्हर्निअर आणि एक मायक्रोमीटर एवढे साहित्य असे. पाच मापे घ्यायची, ड्रॉइंगमधल्या टॉलरन्सशी (मापात चालणाऱ्या फरकाशी) ताडून पाहायची आणि जॉब पास की रिजेक्ट ते लिहायचे. कागदावर नावाऐवजी क्रमांक असे आणि तपासणारा सेटर (मशीन लावून देणारा कारागीर) त्या वेळी बाहेर पाठवलेला असे. पहिल्याच खेपेस माझ्या फोरमनचा मेहुणा पाचांपैकी दोन मापांत चुकला आणि गगनबावड्याकडून आलेला, ज्याचे आडनाव ऐकून फोरमनने आधी नाक मुरडले होते, त्या मुलाची पाचही मापे बरोबर आली. फोरमन आठवडाभर माझ्याशी कामापुरतेच बोलला.

आता दुसरी गोष्ट. ही लिहिताना संकोच वाटतो. माझ्याकडे एक मुलगा सहा वर्षे कामाला होता आणि तो घरून स्वतःचा स्टीलचा पेला आणत असे. चहाही त्यातच घेई आणि पेला स्वतः विसळून पिशवीत ठेवी. मी त्याला स्वच्छतेचा भोक्ता समजत होतो. चारचौघांत त्याचे कौतुकही केले होते. नोकरी सोडून गेल्यानंतर कित्येक वर्षांनी तो बिंदू चौकात भेटला, तेव्हा म्हणाला की, कामाला लागल्यावर दुसऱ्याच दिवशी एकाने त्याला आडनाव विचारले होते आणि तिसऱ्या दिवसापासून माठाजवळच्या पेल्यांपैकी एक पेला त्याच्यासाठी बाजूला ठेवला जाऊ लागला होता. तो बाजूला ठेवलेला पेला उचलण्यापेक्षा घरून आणलेला बरा, असे त्याने ठरवले. अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजातील गंगाराम कांबळे यांनी भाऊसिंगजी रस्त्यावर काढलेल्या हॉटेलात शाहू महाराज स्वतः जाऊन चहा घेत, हा प्रसंग मी शाळेत असताना भाषणात सांगून बक्षीस मिळवले होते. माझ्याच छपराखाली सहा वर्षे काय चालले होते, ते मात्र मला दिसले नाही. तेव्हा आपले मालक ‘जातपात कोण बघतंय’ म्हणतात ते प्रामाणिकपणे म्हणत असतील, यावर माझा पूर्ण विश्वास आहे. मीही तसेच म्हणत होतो.

चाकावरची हिशेबनीस

शिरोलीवाली ताई, मी एका कारखान्यात लेखा विभागात आहे आणि व्हीलचेअर वापरते. कायद्याचा भाग आधी आटोपते, कारण तो तुलनेने सोपा आहे.

दहा किंवा अधिक माणसे असलेल्या प्रत्येक आस्थापनेत २०१३ च्या कायद्यानुसार लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती हवी. तिच्या अध्यक्षपदी वरिष्ठ महिला कर्मचारी, निम्म्याहून कमी नाहीत इतक्या महिला सदस्य आणि बाहेरचा एक सदस्य असावा लागतो. समितीच नसेल तर पन्नास हजार रुपयांपर्यंत दंड आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ चा आहे. त्यातले चार टक्के आरक्षण सरकारी आस्थापनांना लागू आहे, आपल्याला नाही. पण समान संधी धोरण तयार करून ते प्रसिद्ध करणे खाजगी आस्थापनांनाही बंधनकारक आहे. ज्यांच्याकडे वीस किंवा अधिक कर्मचारी आहेत त्यांच्या धोरणात दिव्यांगांना कोणती पदे योग्य आहेत, कोणत्या सोयी दिल्या जातील आणि संपर्क अधिकारी कोण, हे स्पष्ट लिहावे लागते. तृतीयपंथी व्यक्तींसाठीच्या २०१९ च्या कायद्याप्रमाणे तक्रार अधिकारीही नेमावा लागतो. सल्लागाराच्या मसुद्यातील पाळणाघरावर आपण हसलात, पण पन्नास किंवा अधिक कर्मचारी असले की पाळणाघराची सोय हीदेखील कायद्याचीच अट आहे. ती शेजारच्या चार कारखान्यांनी मिळून सामाईक केली तरी चालते, आणि एमआयडीसीत तेच व्यवहार्य ठरेल.

आता कागदाबाहेरचे. मुलाखतीला बोलावताना माझ्या आताच्या मालकांनी विचारले होते, “तुम्हांला आमच्याकडे काय अडचण येईल, ते येऊन बघून सांगता का?” इतर तीन ठिकाणी मला आधीच सांगितले होते की, “आमच्याकडे पायऱ्या आहेत, तुम्हांलाच त्रास होईल.” काळजीच्या सुरात दिलेला तो नकार होता. मी साइड व्हील लावलेल्या स्कूटरवरून कामाला येते. शहर बसच्या पायरीची उंची माझ्यासाठी नाही. मला लागल्या त्या गोष्टी अशा: स्कूटरसाठी दाराजवळ सावलीतली एक जागा, एक रॅम्प, स्वच्छतागृहाचे दार आत न उघडता बाहेर उघडणारे, आणि फायलींचे रॅक खांद्याच्या उंचीपर्यंत. या सगळ्याचा खर्च एका बऱ्या लॅपटॉपच्या किमतीत भागला.

रॅम्पबद्दल मात्र सावध राहा. आपल्याकडे रॅम्प म्हणून जे बांधले जाते ते बहुधा दुचाकी वर चढवायची घसरगुंडी असते. प्रमाण एकास बारा असावे लागते. म्हणजे जोते ३० सेंटिमीटर उंच असेल, तर उतार ३ मीटर ६० सेंटिमीटर लांब हवा. आमच्याकडे गवंड्याने पहिल्यांदा दीड मीटरमध्ये सगळे उरकले होते आणि उद्घाटनाला फुगे लावले होते. मला दोन जणांनी धरून वर नेले, फोटो काढला आणि दुसऱ्या दिवशी रॅम्प फोडला. आजही अधूनमधून त्यावर कोणीतरी जॉबची ट्रॉली लावून जेवायला जातो. मग मी खाली थांबून हॉर्न वाजवत बसते आणि शॉपमधले सगळे माना वळवून बघतात.

दुसरी पाळी

वरील सर्वांचा आदर ठेवून विरुद्ध बाजू मांडतो. मी गोकुळ शिरगावला प्रॉडक्शन पाहतो. ग्राहक एका हाताने दर कमी करून मागतो, दुसऱ्या हाताने समावेशकतेचे पान देतो आणि रिजेक्शन वाढले तर डेबिट नोट (पैसे कापल्याची चिठ्ठी) आम्हांलाच येते. मुलींना सीएनसीवर घेण्यास माझी ना नाही; पण दुसरी पाळी रात्री अकराला सुटते, त्या वेळी त्यांना घरी सोडायची गाडी कोणी द्यायची? नाहीतर त्यांना कायम पहिली पाळी द्यायची आणि मग बाकीच्या पोरांनी कुरकुर करायची. शिवाय काम पाहून माणूस घ्यायचा की टक्केवारी पाहून, हा प्रश्न उरतोच.

फळा आणि खडू

मी महाविद्यालयात शिकवतो, त्यामुळे कारखान्यातले मला कमी कळते. पण ‘काम पाहून घ्यायचे’ या मुद्द्यावर कोल्हापूरचाच एक जुना अनुभव सांगण्यासारखा आहे. १८९६ मध्ये राजाराम कॉलेजच्या विद्यार्थ्यांसाठी येथे जे वसतिगृह सुरू झाले, ते सर्व जातींना खुले होते. कोणालाही मज्जाव नव्हता. तरीही काही वर्षांतच ते बहुतांशी एकाच वर्गाच्या मुलांनी भरले, कारण शिक्षणाची परंपरा, ओळखीपाळखी आणि शहरात येऊन राहण्याचे धाडस त्या एकाच वर्गाकडे होते. त्यानंतर शाहू महाराजांनी वेगळी वाट धरली. १९०१ मध्ये मराठा आणि जैन वसतिगृहे निघाली, पुढे मुस्लिम, लिंगायत आणि इतरांची निघाली, आणि १९०८ मध्ये अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलांसाठी मिस क्लार्क वसतिगृह. २६ जुलै १९०२ च्या आदेशाने संस्थानच्या नोकरीत पुढे रिकाम्या होणाऱ्या जागांपैकी ५० टक्के जागा मागास वर्गांसाठी राखल्या गेल्या, हे सर्वांना ठाऊक आहे. पण त्या आदेशामागे सर्वांना खुल्या असलेल्या वसतिगृहाचा तो अनुभव होता, हे आपण कमी वेळा सांगतो. शिरोलीवाली ताईंच्या हजेरीपटावरची चार गावे मला त्या वसतिगृहासारखीच दिसतात.

जातवार वसतिगृहांवर आक्षेप घेणारे तेव्हाही होते आणि आजही आहेत, आणि तो आक्षेप अगदीच निराधार नाही. मात्र त्याच राजाने १९१९ मध्ये अस्पृश्यांच्या वेगळ्या शाळा बंद करून त्या मुलांना सर्वसाधारण शाळांत बसवण्याचा आदेश काढला. राहायला वेगळी सोय आणि शिकायला एकच बाक, अशी ती मांडणी होती. माझ्या मते यात विसंगती नाही. पण यावर स्वतंत्र चर्चा होऊ शकेल, येथे विषयांतर नको.

आता माझ्या वर्गातले. मी नवा असताना दर वर्षी ऑगस्टमध्ये कार्यालयाचा शिपाई एक यादी घेऊन तास चालू असताना आत येई आणि मी ती वाचून दाखवत असे: “पुढील शिष्यवृत्तीधारकांनी मधल्या सुट्टीत जातीच्या दाखल्यासह कार्यालयात यावे.” त्यानंतर पंचवीसएक नावे. नावे वाचताना मुले एकेक करून उभी राहत आणि बाकीचा वर्ग मागे वळून पाही. चौथ्या वर्षी एका मुलीने तासानंतर थांबून विचारले, “सर, यादी बोर्डावरसुद्धा लावू नका, फोनवर मेसेज येईल का?” तिने अर्जच भरला नव्हता. ती शिष्यवृत्तीस पात्र होती आणि तिच्या वडिलांना त्या पैशांची निकड होती. परंतु वर्गात उभे राहावे लागू नये म्हणून तिने ती सोडून दिली होती. मी त्या मुलीला तीन वर्षे ‘शांत विद्यार्थिनी’ समजत होतो. आता प्रत्येकाला स्वतंत्र निरोप जातो. या बदलाला एक रुपयाही लागला नाही, फक्त लिपिकाला पटवायला मला दोन महिने लागले.

परीक्षांबाबतही तसेच. लेखनिक घेण्यास पात्र असलेल्या विद्यार्थ्याला तासाला किमान वीस मिनिटे वाढीव वेळ देण्याची तरतूद आहे. नियम पाळला जातो, पण त्या विद्यार्थ्याला बसवतात कोठे, तर जिन्याखालच्या खोलीत, जिथे वरून उतरणाऱ्या मुलांचा गोंगाट शेवटचा अर्धा तास थांबत नाही. कागदोपत्री पाहणाऱ्याला मात्र वेळ पूर्ण दिलेला दिसतो.

‘दुसरी पाळी’ यांच्या गाडीच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नाही, आणि तो प्रश्न खरा आहे. एवढेच सांगतो की, आमच्या मुली कारखान्यात अर्ज करत नाहीत, कारण कारखान्यातून कोणीही आजवर महाविद्यालयात येऊन ‘या’ म्हटलेले नाही. दोन मुली घेऊन एकदा शॉप दाखवा. त्यांच्याबरोबर आईवडिलांनाही बोलवा. आमच्या भागात निर्णय तेथे होतो.

शिरोलीवाली

सर्वांचे मनापासून आभार. ‘दुसरी पाळी’ साहेब, गाडीचा हिशेब मी मांडला. एका मुलीसाठी तो परवडत नाही. पण शेजारच्या दोन कारखान्यांची दुसरी पाळीही अकरालाच सुटते आणि तिघांनी मिळून एक गाडी लावली, तर दर माणशी खर्च ओव्हरटाइमच्या दोन तासांहून कमी येतो. त्या दोघांशी बोलणे चालू आहे. एकाने होकार दिला आहे, दुसऱ्याला आधी आमची गाडी चालू झालेली पाहायची आहे. टक्केवारीबद्दल म्हणाल, तर जुन्या टर्नर काकांचे मापांचे टेबल मी पुढच्याच भरतीला लावणार आहे. त्यात काम पाहूनच माणूस घेतला जाईल, फक्त पाहिले जाणारे काम सर्वांचे सारखे असेल.

तो कर्णबधिर मुलगा सापडला. हातकणंगल्याजवळ मामाच्या पिठाच्या गिरणीत काम करतो. त्याची बहीण खुणांची भाषा जाणते, ती मध्ये बसली आणि तासभर बोलणे झाले. माझी समजूत अशी होती की, मशीनचा अलार्म ऐकू येत नसल्यामुळे अडचण झाली असेल. त्यावर तो हसला. अलार्मबरोबर वर लाल दिवा लागतोच, तो त्याला आमच्या आधी दिसायचा. अडचणी दोन होत्या. सुपरवायझर मागून येऊन खांद्यावर थाप मारत, आणि त्या वेळी त्याचा हात चकजवळ (जॉब धरून फिरणाऱ्या भागाजवळ) असे. दोनदा तो दचकला आणि तिसऱ्यांदा इन्सर्ट (कापणारे पाते) तुटला, त्याबद्दलची बोलणी मात्र त्यालाच खावी लागली. दुसरी अडचण डब्याच्या वेळेची. सगळे गोलाकार बसून हसायचे आणि कशाला हसतात ते कोणी सांगत नसे. त्याने बहिणीमार्फत सांगितले की, पहिला महिना वाटले, गंमत चालली आहे. दुसऱ्या महिन्यापासून वाटू लागले, माझीच गंमत चालली आहे.

मी त्याला परत या म्हटले नाही, कारण अजून आमच्याकडे बदललेले काही नाही. त्याच्या मशीनसमोर छोटा आरसा लावला, तर मागून येणारा माणूस दिसेल, ही सूचना त्याचीच. ती आमच्या मेंटेनन्सवाल्याने दुसऱ्या दिवशी अमलात आणली आणि आता शेजारच्या दोन ऑपरेटरांनीही आरसे मागितले आहेत. दोन सुपरवायझरांनी त्याच्या बहिणीकडून वीसएक खुणा शिकायच्या, असे ठरले आहे; त्यांपैकी एकाने पहिली खूण ‘चहा’ची शिकून घेतली.

धोरण आम्ही स्वतः लिहिले, अडीच पाने झाले. पाळणाघराच्या ओळीपुढे ‘चर्चा चालू’ असे खरे ते लिहिले आहे; ऑडिटरला काय वाटायचे ते वाटो. ऑफिसचे जोते मोजले, ४० सेंटिमीटर भरले. म्हणजे ४ मीटर ८० सेंटिमीटर उतार लागेल आणि तो मालकांच्या गाडीच्या जागेतून जाईल. मालक दोनदा टेप घेऊन स्वतः मोजून आले आहेत.

चाकावरची हिशेबनीस

मोजमाप बरोबर आहे. फक्त वरच्या टोकाला दारासमोर दीड मीटर लांब-रुंद सपाट जागा सोडायला गवंड्याला सांगा, नाहीतर एका हाताने दार ओढताना खुर्ची मागे घसरते. ती दीड मीटर धरली, तर मालकांची गाडी आणखी थोडी सरकवावी लागेल.